पुस्तकातला फौजी, पिक्चरमधला फौजी

कोणतंही पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान वाचते, मग पहिलं. नातीला याचा भारी राग. "आजी, तू सगळी मजाच घालवतेस," म्हणते. परवा तिनं मोबाइलवर एक जुनं हिंदी पिक्चर लावून दिलं. लढाईवर गेलेला फौजी आणि त्याची वाट पाहणारी बाई. नावं सरकत होती, त्यात मराठी कादंबरीवर आधारलेलं आहे अशी पाटी आली आणि मी ताडकन उठून बसले. हे तर आमचं पिक्चर. देवळीच्या तंबूत चटईवर बसून पाहिलेलं. मी लगेच बोटानं सरकवत ते थेट शेवटावर नेलं. स्टेशन आलं, वाफ सोडणारी गाडी आली, बाई धावली. नात म्हणाली, "घ्या, संपवलं." तिला काय सांगणार होते मी? या एका शेवटावरून आमच्या घरातल्या बाईचं सगळं आयुष्य ठरलं, आणि तो शेवट खरा कुठला हे त्या वेळी वस्तीत आम्हा मोजक्याच बायांना माहीत होतं.

आमचं घर देवळीच्या बौद्ध वस्तीत, विहाराला लागून. मातीच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं मोठं अंगण आणि अंगणात कडुनिंब. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी भोंगा वाजला की थोड्याच वेळात ते दारात उभे राहायचे, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले, आणि आजी आधी त्यांना अंगणातच झटकून घ्यायची. हंगामात बाजारात निघालेल्या कापसाच्या बंड्या आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर रांगेनं उभ्या असायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, मधूनच कोणीतरी म्हटलेलं भीमगीत, हे सगळं ऐकत आम्ही जेवायचो. हिवाळ्यात ताटात ज्वारीची भाकर, सोल्याची भाजी, नाहीतर चुलीत भाजून ठेचलेलं वांग्याचं भरीत. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ते सोलून सोलून माझी नखं हिरवी पडायची. आताच्या बाजारात सोले पिशवीत बांधून मिळतात. मी आणते, पण सोलता सोलता होणाऱ्या गोष्टी त्या पिशवीत येत नाहीत.

घरात बाबा, आई, मी, आजी आणि शकूकाकी. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची, वामनकाकाची बायको. काका फौजेत होता. लग्नासाठी सुट्टी काढून आला, सुट्टी संपल्यावर गेला, आणि पुढच्या सुट्टीआधी लढाई लागली. लढाई संपली. आष्टीकडचे, पुलगावकडचे फौजी घरी आले, हार घालून घेतले, त्यांच्या गोष्टी सांगून झाल्या. आमच्याकडे मात्र काका बेपत्ता असल्याचं सरकारी पत्र आलं होतं, तेवढंच. बेपत्ता म्हणजे मेला नाही, असा आजीनं त्याचा अर्थ लावला आणि घरात कोणाला दुसरा अर्थ लावू दिला नाही. काकाची लोखंडी ट्रंक ती दर पंधरवड्याला उघडायची, त्यातला गरम कोट उन्हात टाकायची आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायची. काकी त्या वेळी काहीतरी काम काढून मागच्या दारी जायची. मला वाटायचं, तिला रडू येत असेल. मी एकदा मुद्दाम मागं जाऊन पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती उभी राहून भिंतीचे पोपडे काढत होती.

काकी हिंगणीची, मॅट्रिक झालेली. आमच्या वस्तीतल्या बायांमध्ये घडाघडा वाचणारी ती एकटी, म्हणून वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन तिच्याकडं आलं. पावसाळ्याचे ते महिने रोज संध्याकाळी बाया जमायच्या, काकी वाचायची, आणि तिच्या डाव्या हाताला मी बसायची. माझं काम ओळीखाली बोट सरकवत नेण्याचं. विहारातला बल्ब मिणमिणता. वाचणारीनं मधूनच मान वर करून बायांकडं पाहिलं तर ओळ हरवू नये, म्हणून हे बोट. पद्धत आमच्याकडं जुनी होती आणि तिचे नियम कडक. एक शब्द गाळायचा नाही, पुढचं पान उघडून पाहायचं नाही, आणि ग्रंथ पुरा झाला की सगळ्यांनी मिळून खीर करायची. आजीला अक्षर येत नव्हतं. ती माझ्या अगदी समोर बसायची आणि काकीच्या तोंडाकडं नाही तर माझ्या बोटाकडं पाहत ऐकायची. मला डुलकी लागून बोट थांबलं की गुडघ्यावर टिचकी मारायची. "बोट चालू दे वं," म्हणायची. बोट चाललं म्हणजे ग्रंथ चालला, असा तिचा हिशेब.

त्या वर्षी वर्षावास संपला, खीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया पुन्हा येऊन बसल्या. सवय झालेली. दिवसभर कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, घरी जाऊन चूल पेटवायची, पण त्याआधी घटकाभर काहीतरी ऐकायला हवं होतं. बाबांनी वाचनालयातून एक जाडी कादंबरी आणून दिली. त्यांनी काय पाहून आणली कोणास ठाऊक. बहुतेक जाडी पाहून. पहिल्या दोन पानांतच कळलं की त्यात एक फौजी आहे, त्याचं लग्न ठरलंय, आणि लढाई लागलीय. वाचता वाचता काकी थांबली. बाया आजीकडं पाहू लागल्या. आजी म्हणाली, "वाच ना. पण इहारात नाई, आंगणात." म्हणजे फौजी चालेल, पण विहारात नाही.

तर आम्ही ती कादंबरी ग्रंथासारखी वाचायला बसलो. तेच नियम, तेच बोट. पुढचं पान कोणी पाहायचं नाही म्हणून दिवसभर पुस्तक आजीच्या उशाखाली. काकीनं एकदा लबाडी करून पाहिली. नायक-नायिका नदीकाठी भेटतात तिथं चांगला एक परिच्छेद ती न वाचता खाली उतरली. माझं बोट मात्र इमानदारीनं त्या ओळींवरून झरझर खाली आलं. आजी म्हणाली, "मधलं काऊन गिळलं?" काकी म्हणाली, "काई नाई आत्याबाई, तसंच काईतरी हाये." "ग्रंथ पुरा वाचा लागते. वाच." मग काकीला लाल होत होत तो परिच्छेद वाचावा लागला, आणि शेजारच्या पारबताबाईनं पदराआड हसून हसून ठसका लावून घेतला. वस्तीत आठवडाभर बाया एकमेकींना नदीवर जायचं का म्हणून विचारत होत्या.

फौजी लढाईवर गेला आणि पुस्तकात त्याचा पत्ता लागेना. इथून काकीचं वाचणं बदललं. आधी ती ऐकणाऱ्यांना कंटाळा येईपर्यंत वाचायची, आता पान-दीड पान झालं की घसा दुखतो म्हणायची. मला कोडं पडलं. एखाद्याला पुढं काय झालं हे जाणून घ्यायचं नसतं, असं कसं असू शकतं? मला तर झोप येत नव्हती. एकदा मागच्या दारी दोघी सोले सोलत बसलो होतो तेव्हा मी तिला विचारलंच. "काकी, फौजी येईन का वो?" ती म्हणाली, "मले काय माहीत. मी का लिहिली?" मग टोपल्याकडं पाहतच ती जे बोलली ते मी तिच्या हयातीत कोणाला सांगितलं नाही. "बेबी, तुह्या काकाचा चेहरा मले आता फोटोतलाच आठवते. खराखुरा आठवूनच नाई राह्यला. लय आठवतो मी. नाई येत." आणि सोलता सोलताच, "नाना म्हणून राह्यले घरी चाल. सेलूचे एक मास्तर हायेत, त्याईच्या घरून इचारलं. मले जा वाटते. पण आत्याबाईले कसं सांगू? मी गेली म्हणजे त्याईचा पोरगा मेला." नाना म्हणजे तिचे वडील. मी तेव्हा लहान होते, पण इतकं मला कळलं की ही बाई पुस्तक हळूहळू का वाचते आहे.

अशातच टुरिंग टॉकीज आली. बाजाराच्या मोकळ्या मैदानात तंबू उभा राहिला आणि भोंगा लावलेला टांगा गल्लीतून फिरला. आधी कोणाचं लक्ष नव्हतं, मग टांग्यातला माणूस कादंबरीचं नाव बोलला. पारबताबाई हातातलं शेण तसंच घेऊन धावत आली. "अवो, आपलं पुस्तक पिक्चरमंधी आलं." वस्तीत दोन तट पडले. पुस्तक पुरं व्हायच्या आधी पिक्चर पाहावं की नाही? नियम पुढचं पान न उघडण्याचा होता, पिक्चरबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नव्हतं. ही पळवाट आजीनंच काढली, कारण तिलाच सगळ्यात जास्त घाई होती. काकी तेवढी म्हणाली, "तुम्ही जा. मी पुस्तकातच पाहतो."

तंबूत बायांच्या बाजूला आम्ही चटया टाकून बसलो. पहिला अर्धा वेळ बायांच्या तक्रारींत गेला. पुस्तकातला फौजी साधा शिपाई, आपल्याकडच्याच खेड्यातला. पिक्चरमध्ये तो एकदम मोठा साहेब झाला होता. पुस्तकातली पोरगी सावळी, मोट हाकणाऱ्याची. पडद्यावरची पिठासारखी गोरी, आणि नदीऐवजी तिच्या घरामागं बर्फाचा डोंगर. "हा हिंदी काऊन बोलून राह्यला?" एकीनं विचारलं. पारबताबाई म्हणाली, "फौजेत हिंदीच बोला लागते." मला मात्र वेगळंच कुतूहल. एवढं जाड पुस्तक यांनी तीन तासांत कसं बसवलं? काय गाळलं, कोणाला विचारून गाळलं, आणि ज्यानं लिहिलं त्यानं गाळू कसं दिलं? रिळ बदलायला दिवे लागले की मी मागं वळून त्या मशीनकडं पाहायची, जणू तिथं लेखक बसला असेल. शेवटी स्टेशन आलं. गाडी आली. गर्दी ओसरली, आणि डब्याच्या दारात कुबडी घेतलेला फौजी. तंबूत शिट्ट्या, टाळ्या, बायांच्या बाजूला नुसतं रडणं. आजी रडत नव्हती. ती हसत होती. इतकी सरळ, इतकी निर्धास्त हसताना मी तिला त्यानंतर पाहिली नाही.

काकीला शेवट सांगायचा नाही असं आम्ही वाटेत ठरवलं. पण आजीचा चेहराच सगळं सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली, पंधरवडा व्हायच्या आधीच. कोट उन्हात पडला, बाबांकडून बुटांना पॉलिश करून घेतलं. काकीनं तो कोट पाहिला, बूट पाहिले आणि मागच्या दारी गेली.

त्याच आठवड्यात नाना आले. काठी टेकत, धोतराला रस्त्याची धूळ. जयभीम झाला, चहा झाला, मग त्यांनी खाली पाहतच विषय काढला. लेक तरणी आहे, किती दिवस अशी ठेवायची, तुम्हीच सांगा. आई चुलीपाशी थिजली. बाबा आजीकडं पाहू लागले. मला वाटलं, आता आजी भडकणार. आजी भडकली नाही. शांतपणे म्हणाली, "इवाईबुवा, माह्या सुनेनं एक ग्रंथ वाचाले घेतला. थोडाच राह्यला. तो पुरा होऊ द्या. त्यातबी एक फौजी हाये बेपत्ता. तो आला, तर माहा वामनबी येईन, आन् सून इथंच राहीन. नाई आला, तर घेऊन जाजा. मी आडवी येत नाई." नानांना काही कळलं नाही, पण आढेवेढे न घेता हो म्हटलेलं पाहून ते मान हलवून मोकळे झाले. आम्हाला सगळ्यांना कळलं. आजीला शेवट माहीत होता. आम्हाला माहीत होता. आणि दाराआड उभ्या असलेल्या काकीला कोट आणि बूट पाहून कळलाच होता. म्हातारीनं पत्ते उघडे ठेवून डाव मांडला होता. मला तिचा त्या वेळी फार राग आला, आणि आता तिच्या वयाची झाल्यावर येत नाही.

शेवटच्या वाचनाला अंगण भरलं. खिरीचे तांदूळ, दूध, गूळ बाया घरून घेऊनच आल्या. नाना ओट्यावर, बाबा त्यांच्याशेजारी. आजी माझ्यासमोर, पाय दुमडून, नवं लुगडं नेसून. काकीनं पदर नीट केला आणि सुरू केलं. पुस्तकातही स्टेशन होतं. नायिका फलाटावर उभी, गाडी येते, माणसं उतरतात, सामान उतरतं. माझं बोट चाललं होतं. मग ती ओळ आली. मी ती आजही छापलेली दिसावी तशी पाहते. डब्याच्या दारात तो उभा होता, असं लिहिलं होतं. आणि काकी वाचत होती, "सगळे उतरले. दारं लागली. तो त्या गाडीत नव्हता."

माझं बोट त्या ओळीखाली थांबलं. पुढं सरकवायला ओळच नव्हती. काकीचा आवाज मात्र होता तसाच, रोजचा, वाचनाचा. "गाडी निघून गेली. ती बाकावर बसली नाही. नळाचं पाणी प्याली. आणि ज्या रस्त्यानं ती रोज स्टेशनवर यायची, तो रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं घरी गेली." तिनं पुस्तक मिटलं. माझं बोट आतच राहिलं होतं. ते मी हळूच ओढून घेतलं आणि फ्रॉकमध्ये लपवलं, जसं काही त्याच्यावर शाई लागली होती. हे सगळं तिनं तिथल्या तिथं रचलं की चुलीपुढं, विहिरीवर, कापूस वेचताना मनात घोकलं होतं, हे मला कधी विचारायचं धाडस झालं नाही. पण इतकं साधं आणि नेमकं मी नंतर पुष्कळ नावाजलेल्या पुस्तकांत वाचलं नाही.

पहिल्यांदा पारबताबाई बोलली. "हे कसं काय? पिक्चरमंधी तर आलता. आम्ही साऱ्याईनं पाह्यला." बाया कुजबुजू लागल्या. काकी खाली मान घालून बसलेली, दोन्ही हात पुस्तकावर. पुस्तक कोणीही हिसकावून घेतलं असतं आणि बाबांना वाचायला दिलं असतं तर संपलं होतं. मी आजीकडं पाहिलं. आजी काकीकडं पाहत नव्हती. ती माझ्या हाताकडं पाहत होती, जिथं मी बोट लपवलं होतं. मग ती म्हणाली, "पिक्चरवाले काईबी दाखवते. गोरी काय, बर्फ काय. पुस्तक ते पुस्तक." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "ग्रंथ पुरा झाला ना? मंग खीर चढवा." पुस्तक तिनं काकीच्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि बाबांना दिलं. "उद्याच्या उद्या वाचनालयात देऊन येजो." बाबांनी ते न उघडता पिशवीत टाकलं. उघडून पाहणाऱ्यातले ते नव्हतेच.

काकी दुसऱ्या दिवशी नानांबरोबर गेली. देवळीच्या स्टँडवर तिला सोडायला आजी आणि मी. काकी पाया पडली तेव्हा आजीनं तिला उठवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "येत राहजो." ती येत राहिली. मास्तरांबरोबर आली, लेकरं घेऊन आली. आजी गेली तेव्हा सगळ्यात आधी तीच पोचली. वामनकाका आला नाही.

एसटी वर्ध्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी आजी उभी होती. मी म्हटलं, "बसतं का बाकावर?" ती नाही म्हणाली. नळावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली, तोंड धुतलं. घरी येताना बाजाराजवळ टॉकीजवाले तंबू उतरवत होते, दोर सोडत होते. तिथं ती थांबली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "काल तुहं बोट थांबलं होतं." खोटं बोलावं की खरं, मला कळेना. "मले वाचता नाई येत, पण पाहता येते. अवाज चालला होता आन् बोट थांबलं होतं. आलता ना तो पुस्तकात?"

मी मान हलवली. हो म्हणून.

आजीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं झालं," ती म्हणाली, "कुठी तरी आला." मग माझं तेच बोट धरून ती घरी निघाली.